तेलावर चालणाऱ्या गाडीचा फिल्टर सारखा चोक का होतो, आणि आधी काय तपासायचं

प्रश्न थोडक्यात असा की जुनी डिझेल गाडी आहे, मेकॅनिकल पंपवालं इंजिन, दोन टाक्या, एकीत डिझेल आणि दुसरीत तळणातून उरलेलं तेल गाळून. गरमीच्या दिवसांत मस्त चालली, थंडी पडल्यापासून फिल्टर सारखा चोक होतोय, नवा टाकला की काही दिवस बरं आणि परत चढावर गाडी दम टाकते. म्हणून विचारलंय की जास्त मायक्रॉनचा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणजे मोठ्या भोकांच्या जाळीचा फिल्टर टाकला तर चालेल का.

गाडी चालेल, पण फिल्टरमध्ये जे अडकत होतं ते पुढे पंपात आणि नोझलमध्ये, म्हणजे इंजिनात इंधन फवारणाऱ्या भागात, जाऊन बसेल. पंपातला प्लंजर म्हणजे दट्ट्या आणि त्याचा बॅरल म्हणजे नळी यांच्यातली फट दोन-तीन मायक्रॉनची असते, आणि पंप उघडायची वेळ आली की फिल्टरचा खर्च त्यापुढे काहीच वाटत नाही. फिल्टर चोक होतोय म्हणजे तो त्याचं काम करतोय हो. गाडीवरचा फिल्टर तेल साफ करायला नसतोच, तेल साफ करायचं ते घरी पिंपात, गाडीवरचा फक्त चुकून राहिलेलं पकडायला. तो भरतोय म्हणजे मागे काहीतरी राहतंय, आणि काय राहतंय हे त्याच्या पोटातच लिहिलेलं असतं, लोक मात्र जुना फिल्टर न बघता कचऱ्यात टाकतात आणि नवा आणायला जातात.

पण त्याच्याही आधी एक गोष्ट नक्की करा, की फिल्टर खरंच चोक झालाय का. माझ्याकडे "फिल्टरचा प्रॉब्लेम" म्हणून येणाऱ्या बऱ्याच गाड्यांमध्ये फिल्टर निर्दोष असतो. टाकीचा व्हेंट, म्हणजे हवा आत घ्यायचं भोक, बंद झालेला असतो, मग तेल ओढलं जातं तसा टाकीत व्हॅक्यूम तयार होतो आणि गाडी तासाभराने मरायला लागते, थोडं थांबलं की परत ठीक. हे तपासायला काही लागत नाही, गाडी दम टाकायला लागली की टाकीचं झाकण उघडा, फुस्स करून हवा आत गेली आणि गाडी सुधारली तर झालं तुमचं निदान. दुसरं म्हणजे टाकीच्या आतली पिकअपची, म्हणजे तेल ओढणाऱ्या नळीच्या तोंडाची जाळी, जी आहे हेच कित्येकांना माहीत नसतं, आणि बॅनजो बोल्टमध्ये, म्हणजे ज्या पोकळ बोल्टातून तेल जातं त्यात, कधीकधी एक छोटी जाळी असते ती. तिसरं, रबरी पाइप. साधं रबर तेलाने फुगतं, मऊ पडतं, बाहेरून छान दिसतं आणि आतून ओढ लागली की चपटं होतं, किंवा त्याचा आतला थर सुटून दारासारखा मिटतो. व्हिटॉनचे, म्हणजे तेलाने न फुगणाऱ्या रबराचे पाइप टाका, महाग आहेत पण एकदाच टाकायचे.

आणि चौथं म्हणजे हवा. याचा गोंधळ सगळ्यात जास्त होतो. तेल घट्ट, पंपाला ओढ जास्त लावावी लागते, त्यामुळे डिझेलवर जो जॉइंट कधीच गळला नसता तो तेलावर हवा ओढायला लागतो, आणि बाहेर एक थेंबसुद्धा दिसत नाही कारण गळती आतल्या बाजूला आहे. फरक असा ओळखायचा: फिल्टर चोक असेल तर आयडलला गाडी अगदी गुळगुळीत असते आणि जोर मागितला की मरते, चढावर, ओव्हरटेक करताना, लोड असताना. हवा ओढत असेल तर सकाळी स्टार्टिंगला त्रास, आयडल वरखाली, मधेच झटके, आणि यात काही नियम सापडत नाही. पंपाच्या आधी वीतभर पारदर्शक पाइप लावून ठेवा, बुडबुडे दिसतात. एखाद-दुसरा बारीक बुडबुडा चालतो, सतत माळ चालली असेल तर क्लॅम्प आणि ओ-रिंग बघा. तो पारदर्शक पाइप कायमचा ठेवू नका, उष्णतेने कडक होऊन तडकतो आणि मग तोच हवा ओढायला लागतो.

एक गोष्ट विकत घ्यायची असेल तर व्हॅक्यूम गेज, म्हणजे ओढ मोजणारा काटा घ्या, फिल्टर आणि पंपाच्या मधे टी (तीन तोंडांचा जोड) टाकून. स्वच्छ फिल्टर, गरम तेल, पूर्ण लोडवर किती दाखवतो ते लिहून ठेवा, बहुतेक गाड्यांत पाऱ्याचे एक ते तीन इंच येतात. मग तो आकडा हळूहळू चढत जातो, पाच-सहाच्या पुढे गेला की नवा फिल्टर हाताशी ठेवायचा, आठ-दहाला बदलूनच टाकायचा. पण माझ्या आकड्यांपेक्षा तुमच्या गाडीचा स्वतःचा फरक महत्त्वाचा, कारण पाइपची जाडी, लांबी, पंप सगळं वेगळं असतं. रीडिंग नेहमी तेल गरम असतानाच घ्या नाहीतर नुसता घट्टपणाच मोजाल. आणि तोच गेज फिल्टरच्या आधी लावून बघितला आणि तिथेही आकडा मोठाच आला तर फिल्टरला हात लावायची गरज नाही, अडथळा मागे टाकीकडे आहे. आकडा एकदम कमी आणि तरी गाडीत जोर नाही, तर हवा, नाहीतर पुढे पंप-नोझलकडे बघा.

आता समजा फिल्टरच चोक आहे. तो कापा. पत्र्याचा, फिरवून बसवायचा स्पिन-ऑन असेल तर पाइप कटरने किंवा लोखंडी करवतीने वरची कड कापायची, आतला कागद बाहेर काढून उलगडायचा. ग्राइंडर लावू नका, ठिणग्या उडतात आणि आत डिझेलचा अंश असतोच. कागदावरचा चिकटा थोडा खरवडून वाटीत घ्या आणि वाटी गरम पाण्यात धरा. वितळून साफ तेल झालं तर ती चरबी आहे, म्हणजे गोठणारा भाग. थोडा चिकटा सरळ गरम पाण्यातच टाकला आणि तो विरघळून पाणी दुधाळ झालं तर साबण किंवा ग्लिसरीन. वितळतही नाही, विरघळतही नाही, चिवट रबरासारखं किंवा वार्निशसारखं आहे तर पॉलिमर झालेलं तेल. काळा बुळबुळीत आणि वास मारणारा थर असेल तर टाकीत पाणी साठून त्यात जंतू वाढलेत. कण कण, भुरा रंग, बोटांत चोळलं की रवाळ, तर ते सरळ सरळ तळणाचे जळके कण, म्हणजे तुमच्या गाळणीतूनच निसटतंय, तिथे गाडीकडे बघायचंच नाही.

तुमचं वर्णन वाचून मला नव्वद टक्के चरबीच वाटतेय. गरमीत चालली आणि थंडीत अडकली, याहून स्पष्ट खूण नाही. आणि याच्या मागे बहुतेक एकच सवय असते, तेल गरम करून गाळायचं. सगळेच करतात कारण गरम तेल पटापट गाळलं जातं, थंड तेल एक मायक्रॉनच्या पिशवीतून थेंबथेंब उतरतं आणि माणूस कंटाळतो. पण गरम तेलात चरबी वितळलेली असते, ती पाण्यासारखी कुठल्याही जाळीतून आरपार जाते, तुम्ही अर्ध्या मायक्रॉनचा फिल्टर लावला तरी जाईल. मग ते "एकदम क्लिअर" तेल टाकीत गेलं, रात्री गारठलं, चरबी परत गोठली आणि सकाळी ती फिल्टरच्या कागदावर जाऊन बसली. पाम तेल साधारण ३५ डिग्री सेल्सियसच्या आसपास वितळतं, नारळाचं २४ च्या आसपास, प्राण्यांची चरबी त्याहून वर, आणि वनस्पती तुपासारखं हायड्रोजिनेटेड तेल तर मुद्दाम घट्ट राहावं म्हणूनच केलेलं असतं. दुसऱ्या पातळ तेलात मिसळलेलं असताना ते एवढ्यावर गोठत नाही, बरंच खाली जातं, म्हणून बरणीत दिसत नाही आणि थंडी पडली की एकदम समोर येतं.

म्हणून नियम असा धरा की गाडी ज्या सगळ्यात थंड हवेत उभी राहणार आहे तेवढ्या किंवा त्याहून थंड तापमानाला तेल निवळू द्यायचं आणि त्याच तापमानाला गाळायचं. आधी निवळणं, मग गाळणं. उभ्या पिंपात तीन-चार आठवडे न हलवता ठेवा, जड चरबी, कण, पाणी खाली बसतं, वरचं दोन तृतीयांश तेल वरून काढून घ्या, खालच्या नळाने काढू नका, तिथून तर साका येतो. असं केलं तर गाळायला मुळात फार राहतच नाही, आणि थंड गाळणीही वाटते तेवढी हळू होत नाही. मी तर म्हणतो की वेळ आणि एक जास्तीचं पिंप असेल तर त्यापुढे महागडी गाळण यंत्रं घ्यायची गरज पडत नाही, सेंट्रिफ्यूज (तेल जोरात फिरवून कचरा वेगळा करणारं यंत्र) सोडून, त्याची गोष्ट वेगळी, पण तोसुद्धा विरघळलेली चरबी काढू शकत नाही हे लक्षात ठेवा. खाली बसलेली चरबी फेकायची नसेल तर बाजूला ठेवा, गरम हवेच्या दिवसांत वापरता येते.

पिशव्यांच्या पायऱ्या १००, २५, ५ आणि शेवटी १ मायक्रॉन अशा ठेवतात. पिशवीवर लिहिलेला आकडा बहुतेक वेळा "नॉमिनल" असतो, म्हणजे त्या मापाचे सगळे कण अडतीलच असं नाही, "ॲब्सोल्युट" लिहिलेलं असेल तरच भरवसा. म्हणून पाचच्या पिशवीवर थांबू नका.

पाण्याचं बोलायचं तर ते चरबीपेक्षा वाईट, चरबी फक्त अडवते, पाणी पंप खातं. तळलेल्या तेलात पाणी असतंच, आणि भांडी धुतलेला साबण आत गेला असेल तर ते पाणी तेलाशी असं मिसळतं की महिनाभर ठेवलं तरी खाली बसत नाही, तेल धुरकट दिसत राहतं. फिल्टरवर ते जेलीसारखं येतं. डिझेलसाठी बनवलेले पाणी वेगळं करणारे फिल्टर अशा मिश्रणापुढे हात टेकतात, त्यांच्यावर विसंबू नका. तपासणी सोपी आहे, कोरड्या पॅनमध्ये चमचाभर तेल घालून १३० ते १५० डिग्रीपर्यंत तापवा, चष्मा घालून, तोंड लांब ठेवून. तडतडलं किंवा बारीक बुडबुड्यांच्या रांगा उठल्या तर पाणी आहे, परत निवळायला ठेवा. पाणी काढायला ६० डिग्रीपर्यंत कोमट करून शांत ठेवायचं आणि तळातून काढायचं, सगळं पिंप उकळायचं नाही, खालचं पाणी एकदम वाफ होऊन गरम तेल बाहेर येतं आणि भाजतं. आणि हो, हे पाण्यासाठी कोमट केलेलं तेल नंतर परत गार करूनच शेवटचं गाळा, नाहीतर वरचा चरबीचा सगळा खटाटोप वाया. अंदाज यावा म्हणून सांगतो, जर्मनीत रेपसीड तेल इंधन म्हणून विकायला वेगळं मानक आहे, डीआयएन ५१६०५, त्यात कचरा किलोमागे २४ मिलिग्रॅमच्या आत आणि पाणी ७५० मिलिग्रॅमच्या आत लागतं. डोळ्याला स्वच्छ दिसणारं तेल यात बसेलच असं अजिबात नाही.

पॉलिमर हा तिसरा प्रकार, तुमच्या केसमध्ये तो असेल असं वाटत नाही पण थोडं सांगतो कारण कोणते तेल घ्यायचं हे त्यावर ठरतं. तेलाच्या बाटलीच्या तोंडाशी जो चिकट पिवळा थर येतो, तेच टाकीत आणि फिल्टरवर होतं, हवा, उष्णता आणि उजेड मिळाला की तेल आपोआप जोडलं जाऊन घट्ट होतं. जवस सगळ्यात वाईट, त्याचा आयोडीन आकडा १७० च्या पुढे, सोयाबीन आणि सूर्यफूल १३० च्या आगेमागे, शेंगदाणा शंभरच्या खाली, पाम पन्नासच्या आसपास, नारळ दहाच्या आत. आकडा जेवढा मोठा तेवढं तेल लवकर सुकतं. आता गंमत बघा, जी तेलं सुकत नाहीत तीच थंडीत गोठतात आणि जी गोठत नाहीत ती सुकतात, म्हणजे सगळ्या बाजूंनी चांगलं असं तेल नाहीच, हवा बघून निवडायचं. तांबं आणि पितळ हे सुकणं खूप वाढवतात, म्हणून तांब्याची नळी, तांब्याची हीटर कॉइल तेलात नको, जस्त चढवलेली टाकी पण नको. स्टील, ॲल्युमिनियम किंवा चांगलं प्लास्टिक. पिंप तोंडापर्यंत भरून बंद ठेवा, अर्धं रिकामं पिंप म्हणजे अर्धं हवेने भरलेलं.

गरम करण्याची बाजू. ४० डिग्रीला डिझेलचा घट्टपणा २ ते ४.५ सेंटिस्टोक असतो आणि बहुतेक खाद्यतेलांचा ३० ते ४०, म्हणजे दहा पट. ७०-८० डिग्रीला नेलं की तेल दहा-पंधराच्या आसपास येतं, तेवढं जुन्या पंपाला झेपतं. पण लोक काय करतात, टाकी गरम करतात, पंपाजवळ हीटर लावतात आणि मधला फिल्टर वाऱ्यात लटकत असतो. फिल्टरच सगळ्यात गरम हवा. तो इंजिनजवळ घ्या, कूलंटवर, म्हणजे इंजिन थंड ठेवताना तापलेल्या पाण्यावर, चालणारा हीट एक्स्चेंजर फिल्टरच्या आधी लावा, फिल्टरला कूलंटचं जाकीट असेल तर उत्तमच. आणि डिझेलवरून तेलावर स्विच करायच्या वेळी कूलंटचं तापमान बघून स्विच करू नका, कूलंट ८० ला गेला तरी फिल्टरमधलं तेल अजून थंडच असतं, फिल्टरच्या बाहेर पडणाऱ्या तेलाचं तापमान बघा.

नुसत्या बॅटरीवरच्या हीटरवर भागेल का असंही विचारतात. हिशोब करून बघा, तासाला ६ लिटर तेल १० डिग्रीवरून ७० वर न्यायला साधारण १८० वॅट लागतात, म्हणजे १२ व्होल्टवर १५ अँपिअर. जमेल, रिले आणि फ्यूज लावून. पण रिटर्न लाइन, म्हणजे पंपातून उरलेलं तेल परत नेणारा पाइप, टाकीत जात असेल तर पंपातून जळतं त्याच्या कितीतरी पट तेल फिरतं, आणि तेवढं सगळं तापवायला हीटर पुरत नाही, फिल्टरमधूनही तेवढं जास्त तेल विनाकारण जातं. म्हणून रिटर्न फिरवून फिल्टरच्या पुढे, पंपाच्या आधी जोडतात, त्याने हीटरचं आणि फिल्टरचं दोघांचं ओझं कमी होतं. तोटा एकच की कुठून हवा शिरली तर ती त्याच चक्करमध्ये फिरत राहते, बाहेर पडायला वाट नसते, म्हणून आधी हवेची गळती शून्य करा आणि मगच हे करा.

दोन्ही टाक्यांना फिल्टर एकच आहे का हे तुम्ही लिहिलं नाहीये. एकच असेल तर तो सगळ्यात आधी बदलण्यासारखा भाग आहे. तेलासाठी वेगळा गरम फिल्टर, डिझेलचा मूळ फिल्टर तसाच, आणि डिझेल-तेल बदलायचा वाल्व्ह दोन्ही फिल्टरच्या पुढे. मग तेलाचा फिल्टर रस्त्यात अडकला तरी वाल्व्ह फिरवून डिझेलवर घरी येता, आणि बंद करायच्या आधी डिझेलवर पाइप धुऊन घ्यायला वेळही कमी लागतो. एकच फिल्टर असेल तर त्यात अडकलेली चरबी डिझेललाही अडवते आणि थंडीत सकाळी गाडी सुरूच होत नाही.

तेल पातळ करायला रॉकेल, पेट्रोल, डिझेल मिसळायचा सल्ला मिळेल. पेट्रोल तर नकोच, आगीचा धोका वाढतो आणि तेल गरम करणाऱ्या सिस्टीममध्ये ते टाकणं म्हणजे वेडेपणा आहे. डिझेल मिसळा, पण पिंपात मिसळा, टाकीत नाही. पातळ झालं की तेलात तरंगत राहिलेला कचरा भराभर खाली बसतो, ही चांगलीच गोष्ट आहे, फक्त ती पिंपाच्या तळाला घडली पाहिजे, गाडीच्या फिल्टरवर नाही. तसंच तेलावर चाललेल्या टाकीत बायोडिझेल टाकलं तर जुने थर सुटून पहिले एक-दोन फिल्टर लगेच भरतात, त्याने घाबरू नका, टाकी धुतली जातेय.

रस्त्यात अडकलात तर एक सीलबंद फिल्टर, पाना, थोडं स्वच्छ डिझेल आणि चिंध्या गाडीत असू द्या. नवा फिल्टर डिझेलने भरूनच बसवा, हातपंपाने हवा काढा, आणि सेल्फ दहा-पंधरा सेकंदांच्या वर सलग मारू नका, मधे गार होऊ द्या. चरबीचा त्रास असेल तर पत्र्याच्या फिल्टरवर गरम पाणी ओतून तात्पुरती गाडी निघते, ज्योत मात्र कधीही जवळ न्यायची नाही. फिल्टर काढून थेट पाइप जोडून "फक्त घरापर्यंत" न्यायचं मनात आलं तर नको. आणि त्या तेलकट चिंध्या, हे कुणी सांगत नाही म्हणून सांगतो, गोळा करून पिशवीत कोंबून ठेवू नका, सुकणारं तेल हवेत तापतं आणि चिंध्यांचा ढीग आपोआप पेट घेऊ शकतो. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या डब्यात टाका.

हे सगळं मेकॅनिकल पंपाच्या जुन्या इंजिनांसाठी आहे. कॉमन रेल, म्हणजे नव्या गाड्यांतलं कॉम्प्युटरवर चालणारं इंजेक्शन, असेल तर माझा सल्ला सरळ नाही असाच, तिथे फटी आणखी बारीक आणि प्रेशर हजार-दीड हजार बारच्या वर, फिल्टर सांभाळूनही पुढचं सांभाळलं जात नाही. आणि जुनं इंजिन असलं तरी इंजिन ऑइल निम्म्या अंतरावर बदला, न जळलेलं तेल खाली उतरून ऑइल घट्ट करतं. तुमच्याकडे असं तेल गाडीत वापरायला परवानगी, कर वगैरे काय आहे ते तुमचं तुम्ही बघून घ्या.

तर तुम्ही करायचा क्रम: आज टाकीचं झाकण उघडून बघा आणि पारदर्शक पाइप लावा. मग काढलेला जुना फिल्टर कापा आणि वाटीची टेस्ट करा. वितळलं तर टाकीतलं आत्ताचं तेल काढून पिंपात परत ओता, रात्रभर बाहेर उघड्या थंडीत राहू द्या, सकाळी एका काचेच्या बाटलीत काढून उजेडात धरा, ढगाळ दिसलं तर ते तेल या दिवसांत गाडीत घालायचं नाही. तोपर्यंत गाडी डिझेलवर चालवा. नवा फिल्टर तेल बदलल्यावरच बसवा, आधी बसवलात तर तोही त्याच चरबीने भरेल.